देखाव्याचं भिंग

सोलापुरात बाळीवेशीच्या आत गेलं की उजव्या हाताला चनबसप्पा फोटोग्राफरचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, आणि घराच्या वर काचेचं छप्पर घातलेली एक खोली. त्या खोलीला तो स्टुडिओ म्हणायचा आणि त्याची बायको महादेवी भट्टी म्हणायची. उन्हाळ्यात तिथं बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळून नाकाच्या शेंड्यापर्यंत यायची, तेव्हा महादेवीचंच नाव जास्त खरं होतं.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक रंगवलेला पडदा टांगलेला होता. त्यावर तळं, तळ्यात हंसांची जोडी, पलीकडे निळे डोंगर आणि डोंगरांवर गुबगुबीत ढग. सोलापूरच्या माणसानं असलं तळं उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं आणि असले डोंगर तर नाहीच नाही. तरी नवीन लग्न झालेली जोडपी त्या तळ्याकाठी खुर्चीवर काठी गिळल्यासारखी बसायची आणि फोटो घरी नेऊन कौतुकानं लावायची. चनबसप्पाला या सगळ्यांचा तिटकारा. आलेल्या माणसाकडे तो अशा नजरेनं बघायचा, जणू त्यानंच येऊन याच्या तळ्याची शोभा घालवली.

पण त्याच्या घरची चूल काही या जोडप्यांवर पेटत नव्हती. ती पेटायची मेलेल्यांवर. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवतात. अंगावर चांगलं वस्त्र, गळ्यात हार, डाव्या तळहातावर लिंग. जन्मभर ज्याला दोन घटका टेकायला मिळालं नाही तो त्या दिवशी देवासारखा बसतो. घर खाऊनपिऊन सुखी असलं तर मग फोटोग्राफरला बोलावणं जातं, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांचा पहिलाच फोटो असतो. जिवंतपणी कोणाला सुचत नाही. सुचलंच तर ‘कशाला उगं’ म्हणून राहून जातं. हे गिऱ्हाईक हलत नाही, शिंकत नाही, ‘माझा रंग उजळ काढा’ म्हणत नाही. चनबसप्पाला माणसांपैकी तेवढीच पसंत होती.

आता अशा फोटोत डोळे मिटलेले येणार, आणि घरच्यांना हवे असतात उघडे. ‘आप्पा आमच्याकडं बघतायत असं करून द्या की’ म्हणतात. मग चनबसप्पा खिडकीपाशी मेज ओढून, बारीक कुंचल्यानं, छापलेल्या फोटोवर डोळे उघडून द्यायचा. हे काम त्याला फार छान जमायचं. पार अक्कलकोट-दुधनीकडून लोक त्यासाठी यायचे. पण ज्या माणसाला आपण जिवंतपणी कधी पाहिलं नाही त्याचे डोळे आणायचे कुठून? चनबसप्पानं त्यावर सोपी तोड काढली होती. मेजावर दाढीचा आरसा उभा करायचा आणि आपलेच डोळे काढून द्यायचे. परिणाम असा झाला की बाळीवेशीपासून तुळजापूर वेशीपर्यंत जेवढी गेलेली माणसं भिंतींवर होती तेवढी सगळी चनबसप्पाच्या डोळ्यांनी बघत होती. तंबाखूवाल्यांची म्हातारी तशीच बघायची आणि आडत्यांचा थोरला तसाच बघायचा. घरोघरच्या लोकांनी त्यांना हार घातले, उदबत्त्या ओवाळल्या, पण एकाच्याही ते लक्षात आलं नाही. महादेवीच्या आलं. ती कोणाकडे हळदीकुंकवाला गेली की भिंतीवरून नवरा टक लावून बघतोय असं तिला व्हायचं, म्हणून ती नेमकी भिंतीकडे पाठ करून बसायची. बायका म्हणायच्या, फोटोग्राफरची बायको आणि फोटोचा कंटाळा करते बघा.

या महादेवीचं आणि चनबसप्पाचं नातं दुहेरी होतं. त्यांच्यात भाचीचं लग्न मामाशी लावायची रीत. महादेवीची आई गुरम्मा ही चनबसप्पाची थोरली बहीण. त्याची आई लवकर गेल्यावर या बहिणीनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं आणि पुढं आपली मुलगीही त्यालाच दिली. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत महादेवी त्याला मामा म्हणायची. मामा म्हणून तो तिला बरा वाटायचा.

गुरम्मा दुधनीला असायची. तिचा नवरा मल्लप्पा गेला तेव्हा बसवलेल्या सासऱ्याचा, म्हणजे आपल्या मेहुण्याचा, फोटो चनबसप्पानंच काढला आणि रीतीप्रमाणे डोळे उघडून दिले. मल्लप्पाचे डोळे काळेभोर आणि खोल होते. फोटोत आले ते चनबसप्पाचे, घारे आणि थोडे बाहेर. गुरम्मानं फोटो भिंतीवर लावला, लांब जाऊन बघितला आणि लेकीला म्हणाली, “महादेवी, हे तुजे आप्पा न्हवंत गं. आंगरखा त्यांचा हाय, पण आत चन्नू हाय.” आणि ती हसली. भावावर तिला कधी रागवता यायचं नाही. पण रोज दिवेलागणीला ती त्या फोटोपुढं दिवा ठेवायची, आणि रोज तिला वाटायचं की आपण नवऱ्याऐवजी धाकट्या भावाला ओवाळतोय. हे तिनं लेकीला सांगितलं तेव्हा मात्र ती हसली नव्हती.

तेव्हापासून महादेवीच्या मनानं एकच गोष्ट घेतली. अव्वाचा, म्हणजे आईचा, फोटो जिवंतपणी काढायचा. अव्वाचे डोळे अव्वाचेच आले पाहिजेत. गुरम्माचेही डोळे घारे होते, भावासारखेच. पण डावा उजव्यापेक्षा किंचित बारीक होता आणि हसताना आधी तो हसायचा, मग बाकीचं तोंड. हे कुंचल्याला जमणार नव्हतं. आणि यासाठी फार काही लागतही नव्हतं. दुकानात जुन्या मालकापासून आलेलं एक पितळी भिंग होतं, नारळाएवढं जड. पुढ्यातल्या माणसाची पापणीन् पापणी ते उचलायचं. ज्यांच्यावर फोटो उमटतो त्या काचा धुण्याचं काम महादेवीकडेच असल्यामुळे ते भिंग काय देतं हे तिला नीट ठाऊक होतं. अव्वाला खिडकीपाशी बसवायचं आणि झाकण काढायचं, एवढंच काम. तिनं नवऱ्याला तसं सांगितलं.

“काडू की,” चनबसप्पा म्हणाला. “अक्का काय कुटं पळून चाललीय?”

हे एकोणीसशे सत्तावीस सालचं बोलणं. त्याच साली त्याला देखाव्याचं वेड लागलं.

झालं ते असं. रेल्वेतल्या कोणा साहेबानं आपल्या काचा धुवायला त्याच्याकडे दिल्या. काचांवर घाट होते, दऱ्या होत्या, धुक्यात बुडालेली झाडी होती, आणि एकाही काचेवर माणूस नव्हता. चनबसप्पा त्या काचा उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिला. साहेब काचा घेऊन गेला आणि हा कामातून गेला. फोटो म्हणावा तर देखाव्याचा, बाकी सगळी हमाली, असं तो येईल त्याला सांगू लागला. ज्या हमालीवर त्याची भाकरी होती तिच्यातलं कोणी समोर बसलेलं असलं तरी सांगायचा.

देखावा काढायचा म्हणजे माणसानं काय करावं? उठावं, बाहेर जावं आणि देखावा बघावा. चनबसप्पानं मुंबईहून कॅमेऱ्यांची सूचीपत्रकं मागवली. त्याला जोडीदारही तसाच मिळाला. श्रीमंत नावाचा सुताच्या व्यापाऱ्याचा मुलगा, ज्याला बापाच्या दुकानात कोणी काम सांगत नव्हतं. हा संध्याकाळी येऊन फळीवर बसायचा आणि दोघांचा वाद सुरू व्हायचा. देखाव्याला कॅमेरा मोठा हवा की मध्यम? कॅमेऱ्याखालची तिवई सागाची हवी की विलायती लाकडाची? कॅमेऱ्याचा भाता कातड्याचा टिकतो की कापडाचा? श्रीमंतकडे घडी घालून खिशात मावणारा फिल्मचा कॅमेरा होता आणि त्यात तो आपल्या भाचरांचे, म्हशीचे, दारातल्या भाजीवालीचे फोटो काढायचा, चांगले यायचे. चनबसप्पा त्याला डबा म्हणायचा. “डब्यात तूप ठेव,” म्हणायचा, “देखावा न्हाय.” महादेवी वरून चहा पाठवायची आणि जिन्यात उभी राहून ऐकायची. महिने गेले, पावसाळा गेला, हिवाळा आला. तोवर दोघांनी सोलापूरच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं, पण कोणत्या डोंगराला कोणतं भिंग लागतं हे त्यांना तोंडपाठ झालं होतं. सोलापूरच्या चहूबाजूंना डोंगरच नाही, ही गोष्ट दोघांपैकी एकानंही काढली नाही.

शेवटी मोठा कॅमेरा आला. तिवई चनबसप्पानं शिसवीची करून घेतली, कारण वाऱ्यात हलता कामा नये. ती इतकी जड झाली की वाऱ्यानंच काय, बैलानंही हलली नसती. मग पिवळी काच आली. फोटोच्या साध्या काचेला निळं आभाळ पांढरंफटक दिसतं. भिंगावर पिवळी काच लावली की आभाळ गडद येतं आणि ढग उठून दिसतात. हे खरं आहे. पण त्यासाठी ढग असावे लागतात, आणि सोलापूरच्या आभाळात वर्षातून किती दिवस ढग असतात हे इथं राहणाऱ्या माणसाला सांगायला नको. पिवळी काच डबीत घालून तो गच्चीवर जायचा, वर बघायचा आणि डबी घेऊन खाली यायचा.

उरलं भिंग. देखाव्याला रुंद मुलूख धरणारं भिंग लागतं असं ठरलं. ठरायला वर्ष लागलं. मग एक दिवस महादेवी दुकान झाडायला गेली तर कपाटातली पितळी भिंगाची पेटी नव्हती. तिच्या जागी सुपारीच्या डबीएवढं काळं काहीतरी ठेवलेलं होतं.

“पितळी कुटं हाय?”

“विजापूरच्या माणसाला देऊन टाकलं. त्याच्या बदल्यात हे. आता बघ, आख्खा मुलूख मावतो ह्यात.”

“आणि अव्वा?”

“काय अव्वा?”

“अव्वाचा फोटो काडणार हुता न्हवं तुमी?”

चनबसप्पानं तिच्याकडे मूर्ख गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं. “ह्यात जवळचं माणूस बिघडतंय गं. नाक म्होरं येतंय, कान मागं जातायत. हे देखाव्याचं भिंग हाय.”

“मग ते इकायच्या आधी काडायचा हुता.”

“काडू की. दुसरं आणू. अक्का काय कुटं पळून चाललीय?”

त्या भिंगानं देखावा नंतर बघू, आधी दुकान खाल्लं. जोडप्यांच्या फोटोत नवऱ्याचे गुडघे भोपळ्याएवढे यायला लागले आणि बायकोचं तोंड मागं कुठंतरी लिंबाएवढं. लोक फोटो परत आणून देऊ लागले. चनबसप्पा त्यांना समजावून सांगायचा की भिंग उत्तम आहे, तुमचे गुडघेच वाईट आहेत. मेलेल्यांनी तेवढी साथ सोडली नाही. त्यांचे गुडघे मोठे आले तरी घरचे रडण्याच्या भरात असत आणि डोळे तेवढे बघत.

तीस साली सोलापुरात मार्शल लॉ आला. रस्ते ओस पडले, गिरण्यांचे भोंगे सोडले तर आवाज नाही, दारं लावून लोक घरात बसलेले. कोणाचा मुलगा पकडून नेला, कोणाचा घरी पोचला नाही. चनबसप्पा वरच्या खिडकीत उभा राहून रिकामा रस्ता बघत होता. तो म्हणाला, “काय निवळ दिसतंय बघ. मदी एक माणूस न्हाय.” महादेवीला त्या क्षणी त्याची किळस आली. नवऱ्याची किळस येणं चांगलं नाही हे तिला माहीत होतं, तरी आली. गुरम्मा तेव्हा मल्लप्पाचा फोटो घेऊन त्यांच्याकडेच राहायला आलेली होती. दुधनीत तिचं कोणी उरलं नव्हतं. तीही उठून त्याच खिडकीत आली. तिनं रस्ता बघितला नाही. ती समोरच्या कौलांवर नजर फिरवत होती. मग म्हणाली, “समोरच्या अक्कम्माच्या घरात चूल पेटलेली न्हाय. सकाळपासनं धूर न्हाय. महादेवी, मागल्या दारानं भाकरी दे जा तिला.” एकाच खिडकीतून बहीणभाऊ बघत होते, डोळ्यांचा रंग एकच होता.

पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि चनबसप्पानं अखेर हिप्परग्याच्या तलावावर जायचं ठरवलं. सोलापूरजवळ पाणी आणि मोकळं रान एकत्र दिसेल अशी तीच जागा. बैलगाडी ठरली. तिवई चढवायला दोन माणसं लागली. गुरम्मा म्हणाली, “मीबी येते. पाणी बगून लई दिस झाले.” महादेवीनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचं गाडगं घेतलं. आणि मनात एक बेत घेतला. भिंग कसलंही असो, नाक पुढं येवो की कान मागं जावोत, आज अव्वाचा फोटो काढून घ्यायचा. थोडं लांब बसवलं तर इतकं काही बिघडणार नाही.

तलावावर पोचल्यावर चनबसप्पानं जागा शोधायला सुरुवात केली. बांधावर चढला, उतरला, पुन्हा चढला. एकदाची तिवई उभी राहिली, काळं कापड डोक्यावर गेलं, आणि बिरप्पा धनगर आपली मेंढरं घेऊन पाण्यावर आला. मेंढरं नेमकी देखाव्यात पसरली.

चनबसप्पा कापडातून बाहेर आला. “ए बाबा, मेंढरं बाजूला घे.”

“कुटं घिऊ? पाणी हितंच हाय की.”

“मी फोटो काढतोय.”

“काढा की. मेंढरं कुटं न्हाय म्हंत्यात?” बिरप्पा काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. “माजाबी काढा. हलत न्हाय मी.”

“मला देखावा पायजे, माणूस नको.”

बिरप्पानं मागं वळून बघितलं. सपाट पाणी, सपाट रान, चार बाभळी. “ह्यात काय बगायचं हाय, देवा?” त्यानं खरोखरच जाणून घ्यायला विचारलं. गुरम्मा बाभळीखाली बसली होती, तिला हसू आवरेना. बिरप्पाला तिनं हाक मारून भाकरी दिली, त्याच्या कोकरांची चौकशी केली, कोणतं लंगडतंय ते विचारलं. आणि ती त्याच्याकडे बघून हसत होती तेव्हा तिचा डावा डोळा आधी हसला. महादेवीनं ते बघितलं आणि धावत नवऱ्याकडे गेली.

“आता काडा. अव्वा बगा कशी बसलीय. एकच.”

“काचा संपत आल्यात.”

“किती हायत?”

“एक हाय. ती संध्याकाळसाठी. ढग आले तर?”

“ढग न्हाय आले तर?”

“आले तर काय करू? परत घरला जाऊ काच आणाय?”

तिनं पुन्हा सांगितलं. हात धरून सांगितलं. तो म्हणाला, उजेड बरोबर नाही, भिंग बरोबर नाही, आणि बाभळीची सावली अक्काच्या तोंडावर पडलीय. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. त्याच्याजवळ कारणं नेहमी खरीच असायची. मग सगळे ढगांची वाट बघत बसले. बिरप्पा मेंढरं घेऊन गेला, ऊन कललं, पाण्याचा रंग बदलला, आणि आभाळ धुतलेल्या परातीसारखं कोरं राहिलं. ढग आले नाहीत. चनबसप्पानं पिवळी काच डबीत ठेवली, तिवई उतरवली, आणि ती शेवटची काच जशीच्या तशी, न वापरता, घरी परत आणली. गाडीत महादेवी त्याच्याकडे पाठ करून बसली. गुरम्मानं भावाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, “दमलास रे चन्नू.”

बाकीच्या काचांवर जो देखावा आला तो असा: खाली करडं, वर पांढरं, मधे एक रेघ. एका काचेवर रेघेशेजारी बोट ओढल्यासारखा डाग होता, ती मेंढरं. चनबसप्पानं त्यातला एक फोटो मोठा करून पुण्याच्या प्रदर्शनाला धाडला. तो परत आला, आणि चौकटीची काच फुटून आला. चनबसप्पानं बरेच दिवस विचार केला आणि त्याच्या लक्षात आलं की चूक भिंगाची आहे. रुंद नव्हे, लांबचं ओढणारं भिंग हवं होतं. पुन्हा सूचीपत्रकं आली. पुन्हा श्रीमंत फळीवर येऊन बसला.

त्याच हिवाळ्यात गुरम्माला ताप आला आणि तो उतरेना. दुपारी अंग निवलं की ती भिंतीला टेकून बसायची, कोण आलं कोण गेलं ते बघायची. महादेवीला कळलं की आता दिवस थोडे आहेत. तिनं जिन्यातून खाली येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, श्रीमंतशी स्वतः बोलायला तोंड उघडलं.

“श्रीमंतअण्णा, तुमचा तो लहान कॅमेरा हाय न्हवं?”

“हाय की वैनी. आत्ता घेऊन येतो. खिडकीत बसवा अव्वांना.” श्रीमंत उठलासुद्धा. हा माणूस आळशी होता, पण वाईट नव्हता.

चनबसप्पानं त्याला खाली बसवलं. “माझ्या घरात डब्यावर फोटो? फोटोग्राफरच्या अक्काचा फोटो डब्यावर काढला म्हणून गाव हसंल मला. चार दिस थांबा. मुंबईवरनं भिंग सुटलंय.”

“अव्वा थांबंल का?” महादेवीनं विचारलं.

चनबसप्पानं सूचीपत्रक पुढं ओढलं. श्रीमंतनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि खाली मान घालून सूचीपत्रकाचं पान उलटलं. तेव्हा त्यानं उठून कॅमेरा आणला असता तर चनबसप्पानं काय केलं असतं? काही नाही. चार दिवस फुगून बसला असता. महादेवीला पुढं जन्मभर वाटत राहिलं की आपणच श्रीमंतच्या घरी जाऊन तो डबा आणायला हवा होता. पण सोलापुरात तेव्हा बाई परक्याच्या दारात जाऊन नवऱ्याला नको असलेली वस्तू मागत नसे.

गुरम्मा गेली. मुंबईचं भिंग आलं नव्हतं.

तिला न्हाऊ घातलं, विभूती लावली, इरकल नेसवून भिंतीला टेकवून बसवलं. स्वामी आले, माणसं जमली. चनबसप्पानं वर मोठा कॅमेरा आणवला. खोली लहान, भिंग रुंद, त्यामुळे काचेत सगळंच आलं: उतरंड, दांडीवरची लुगडी, कोनाड्यातला दिवा. मधोमध मोठाले गुडघे आणि त्यांच्या मागं, दूर, गुरम्माचं तोंड. देखाव्यासारखा फोटो. तो काळ्या कापडात शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. महादेवी भिंतीशी उभी राहून ते कापड बघत होती. कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. आज पहिल्यांदा हा आपल्या बहिणीकडे इतका वेळ बघतोय, आणि तीही उलटी, असं तिच्या मनात आलं.

दिवस झाल्यावर चनबसप्पानं फोटो छापला आणि खिडकीपाशी मेज ओढलं. आज कोणी सांगायची गरज नव्हती. कुंचला ओला केला, शेंडा जिभेवर टोकदार केला. आणि हात थांबला. महादेवी तांदूळ निवडत बसली होती. तो म्हणाला, “महादेवी, अक्काचे डोळे कसे हुते गं?”

तिनं सूप खाली ठेवलं.

“घारे हुते,” तो म्हणाला. “तेवढं हाय ध्यानात. पण बगायची कशी, ते… मला आठवंना.” तो खरंच रडत होता. कडेवर घेऊन ज्या बाईनं घास भरवले, जिच्या डोळ्यांत बघत हा मोठा झाला, तिचे डोळे याला आठवत नव्हते. महादेवीला क्षणभर वाटलं की जावं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवावा. अव्वानं ठेवला असता.

तेवढ्यात त्यानं डोळे पुसले, आणि सवयीनं हात लांबवून दाढीचा आरसा पुढं ओढला. “भाऊच हाय की मी तिचा,” तो म्हणाला. “एका आईची आमी. माजे तेच तिचे.” आणि आरशात बघून त्यानं कुंचला उचलला.

महादेवी उठली. तिनं आरसा उचलून मेजावर पालथा घातला.

“आप्पाच्या तोंडावर तुमचे डोळे बसवले,” ती म्हणाली. “अव्वा मरंपतोर तुमालाच दिवा लावत हुती. सगळ्या गावातली मेलेली माणसं तुमच्या डोळ्यानं बगत्यात. मी कुटंबी गेले तरी भिंतीवर तुमीच. आता अव्वाच्या तोंडावरनंबी तुमीच बगणार व्हय मला?”

“मग मिटलेलेच ठेवू?” तो म्हणाला. “लोक काय म्हनतील? फोटोग्राफरच्या घरात डोळे न उघडता फोटो?”

“मिटलेलेच ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ते तरी तिचे हायत.”

चनबसप्पानं कुंचला धुतला. फोटो तसाच चौकटीत गेला आणि वर घरात लागला. येणारा-जाणारा विचारायचा, हे काम राहिलं वाटतं? चनबसप्पा म्हणायचा, हो, एक भिंग यायचंय. ते आलंही पुढं, आणि त्यानंतर आणखी दोन आली. त्यांनी काय काढलं ते कोणाला फारसं माहीत नाही. महादेवी मात्र रोज दिवेलागणीला त्या फोटोपुढं दिवा ठेवायची आणि तिथंच, भिंतीकडे तोंड करून, थोडा वेळ बसायची. बाळीवेशीतल्या बाकी कोणत्याही घरात ती तशी बसली नाही.